चवीपुरता समुद्र

भाड्याच्या खोलीची बोलणी करताना आमच्या घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "बाई, तुमच्याकडं तांब्याचे भांडे किती हायेत?"

मी मनात म्हटलं, गेलं हेही घर. सकाळच्या एसटीनं चिखलीहून आलेली मी, बुलडाण्यात मुलींच्या शाळेत नवी नवी नोकरी लागलेली, दिवसभर खोल्या बघून पायांचे तुकडे पडलेले, आणि हा गृहस्थ माझी लग्नातली भांडी विचारतोय. मीही चिडूनच सांगितलं, "दोन घागरी हायेत, एक बंब हाय. काऊन? गहाण ठेवून घेता का?"

"नाही नाही. मागच्या पडवीत ठेवा, बास. समोरच्या खोलीत तांबं आनू नका. भाड्याचं काय, तुम्ही द्याल ते."

"पण काऊन?"

"तिथं समुद्र हाय," ते म्हणाले, आणि वहाणा दाराशी काढून आत गेले. मग मीही काढल्या. काय करता!

आत उत्तरेच्या खिडकीखाली, दगडी फरशीवर, हातभर लांबीचं जाड काचेचं भांडं होतं. त्यात पाणी, आणि पाण्यात एक काळपट दगड. बाजूला ट्रकच्या चाकाची फुगवलेली रबरी ट्यूब, तिच्यातून निघालेली दवाखान्यातली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाशी बुडबुडे. सोळा आणे एवढाच समुद्र. खोलीचं भाडं खरंच कमी होतं. म्हणून, आणि आमच्या ह्यांना खिडकी आवडली म्हणून, आम्ही राहिलो. खोली आमची, खिडकी समुद्राची, असं ठरलं. तांब्याचा अंश पाण्यात उतरला की समुद्रातले जीव मरतात, हे मला पुढं कळलं. तोवर मी त्यांना वेडंच समजत होते, आणि कळल्यावरही तो समज फारसा बदलला नाही.

आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. मूळचे देऊळघाटचे, घरची शेती, स्वतः सरकारी खात्यात कारकून. मुंबईसकट नवं राज्य झालं आणि वऱ्हाडातल्या माणसांच्या बदल्या थेट कोकणात व्हायला लागल्या. काकाजींची झाली रत्नागिरीला. जन्मात नदीला पूर आलेला सोडला तर मोठं पाणी न पाहिलेला माणूस! निवृत्त होऊन परत आला तो समुद्राचा नाद घेऊनच.

पैसे टाकून काही करणं त्यांना मान्यच नव्हतं. "पैसे टाकून तं कोनीबी समुद्र आनीन," हे त्यांचं आवडतं वाक्य. लोखंडी चौकटीचं, खिडकीच्या तावदानांना लावतात त्या लांबीनं जोडलेलं काचेचं भांडं त्यांना नको होतं, कारण खारं पाणी लोखंड खातं आणि गंज जीवांना खातो. मग त्यांनी खामगावच्या भंगारातून कुठल्याशा गिरणीच्या जुन्या बॅटरीचं अखंड काचेचं भांडं शोधून आणलं. आत पूर्वी तेजाब असायचं. ते त्यांनी सोड्यानं धुतलं, उन्हात ठेवलं, नाक घालून हुंगलं, परत धुतलं. त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, सांगायच्या, "माह्या पोटच्या पोराले एवढं न्हाऊ नाही घातलं यायनं."

पाणी आणलं ते चिनीमातीच्या लोणच्याच्या बरण्यांत, तोंडाला फडकं आणि वर मेण. कोकणातून एसटी, मग आगगाडी, मलकापूरला उतरून परत घाटातली एसटी. तेव्हा दारूबंदी होती. कंडक्टरनं बरण्या बघितल्या आणि तो अडून बसला.

"काय हाय यात?"

"समुद्र."

"मले शिकवता का? उघडा."

काकाजींनी उघडली. "चाखा," म्हणाले. त्यानं चाखलं, आणि खिडकीतून बाहेर थुंकत बसला. "हे पिता तुम्ही?"

"नाही. पाहतो," काकाजी म्हणाले. कंडक्टरनं पुढं बुलडाण्यापर्यंत त्यांच्याशी एक शब्द काढला नाही म्हणे.

एवढा खटाटोप करून पाणी आणलं, खडक आणला, आणि पुढं काय? काहीच नाही. त्यांनी आत मासा सोडला नाही की कासव सोडलं नाही. गल्लीतली माणसं, ह्यांच्या कचेरीतली माणसं, सगळी बघायला यायची. खाटेवर माझ्या उशा मांडीवर घेऊन बसायची, आणि त्यांचे चहा करायला मी!

"काकाजी, मासे कुठी हाय?"

"मासे नाही."

"मंग काय पाहून राह्यले?"

"पानी पाहून राह्यलो. पानी पिकू द्या. आंबे आढीत घालता तं लगेच हात घालता का?"

पाणी पिकतं, हे त्यांचं मत होतं. खडकावर डोळ्यांना न दिसणारा जीव असतो, तो घाण खातो, पाणी त्याच्या हाती सोपवायचं आणि आपण हात काढून घ्यायचा. कुणी काचेवर बोटानं टकटक केलं की मात्र हाच माणूस खेकसायचा, "काय बे, तुह्या घराचं दार वाजवू का मी रात्रंदिवस?" मोठमोठे हुद्दे असलेली माणसं त्यांनी अशी झापलेली मी पाहिली आहेत.

आणि ते खरंच पिकलं, हो! खडकाच्या कपारीतून आधी गुलाबी पापुद्रा धरला. मग पिसासारखा पंखा बाहेर काढणारे बारके किडे दिसले. एका सकाळी मी वेणी घालत होते तर खडकाच्या कडेला जे सुपारीएवढं तपकिरी काहीतरी चिकटलेलं होतं, ते हळूहळू उघडलं. पाकळ्याच पाकळ्या, टोकाला हिरवी झाक, आणि सगळ्या आपापल्या हलत होत्या. मी कंगवा तसाच डोक्यात ठेवून ओरडले. काकाजी धोतर सावरत आले, बघितलं, आणि चक्क जमिनीवर बसले. ते फूल नव्हतं, फुलासारखा दिसणारा प्राणी होता. कुणाला न सांगता दगडाबरोबर आला होता आणि इतके महिने मिटून बसला होता. "तिकीट नाही काढलं यानं," काकाजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही त्याला फूलच म्हणायला लागलो.

त्या फुलाचं सगळं करायचं म्हणजे व्याप होता. सकाळ-संध्याकाळ सायकलचा पंप घेऊन ट्यूब भरायची. उन्हाळ्यात भांड्याभोवती ओलं गोणपाट. खायला म्हणून सुकटीचा भिजवलेला कण खराट्याच्या काडीच्या टोकावर. माळकरी घर, आणि घरमालक चोरून बाजारातून सुकट आणतो! तीही माझ्या खोलीत, माझ्याच डब्यात. बाहेर मला कुणी विचारलं तर मी काय सांगायचं?

पाणी किती खारं आहे हे मोजायला त्यांच्याकडं दूध तपासायची काचेची नळी होती. दुधात सोडली की ती तरंगते आणि पाणी किती घातलंय ते सांगते, तीच. काकाजींचं म्हणणं, समुद्रात ती पंचविसाच्या आसपास उभी राहते. एका सकाळी ते नळी उजेडात धरून बघत असताना आमचा गवळी दारात आला. नळी बघून त्यानं चरवीच खाली ठेवली.

"काकाजी, देवाशपथ, आज पानी नाही घातलं."

"आज?" काकाजी म्हणाले.

मग त्यांनी गमतीनं नळी चरवीत सोडली. ती पार खाली गेली. "लेका, तुह्या दुधापरीस माह्या समुद्रात दम हाय!" त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दुधाला साय धरायला लागली. समुद्राचा आम्हाला झालेला हा रोख फायदा, आणि मी तो विसरलेले नाही.

हे सगळं चाललेलं असताना काकू त्या खोलीत एकदाही आल्या नव्हत्या. मला भाजी द्यायची तर उंबऱ्याबाहेरून, मान पलीकडं वळवून. झाडायला आल्या तरी केरसुणी उंबऱ्याशी थांबायची. "सवत कशी हाय तुमच्या काकाजीची?" एवढं मला विचारायच्या, तेही टोमण्यानं.

मी एकदा काकाजींना म्हटलं, "काकूंना एकदा दाखवा तरी." ते पंप मारत होते, थांबले.

"बाई, मी पन्नाशीले समुद्र पाह्यला. पाह्यला आन् पहिले बाजूले मान वळवली. कोनाले तरी सांगावं ना, का हे पाह्य. तं बाजूले कोनी नाही. तवापासून एकच डोक्यात हाय. हिनं पाह्यलं पाह्यजे. पत्र टाकले, आली नाही. रिटायर झाल्यावर चाल म्हनलं, नाही म्हनते. मंग मीच घेऊन आलो. आता पाच पावलं नाही येत." आणि परत पंप मारायला लागले.

काकूंना विचारलं तर त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडीची मुळं कचकन मोडली. "मी कशी जाऊ? सासू अंथरुनाले खिळलेली. तिचं गू-मूत काढलं, पेरन्या पाह्यल्या, गड्यायले भाकरी थापल्या. आन् हे तिकडं लाटा पाहत बसले. ज्यानं माहा मानूस नेला त्याचं तोंड मी काऊन पाहू?"

मला त्यांचंही पटलं आणि काकाजींचंही पटलं. राग आला तो दोघांचा. म्हातारपणी समोरासमोर बसून चहा प्यायचा आणि मधे एक खोली ओलांडायची नाही, हा काय शहाणपणा?

पुढच्या उन्हाळ्यात काकाजींना हर्निया निघाला. "पंपानं झालं," काकू म्हणाल्या. अकोल्याला ऑपरेशन ठरलं. निघताना त्यांनी मला फुलासमोर उभं करून धडा घेतला. मी शाळेत पोरींचा घेते तसाच.

"पानी कमी झालं तं काय टाकाचं?"

"गोडं पाणी. काचेवरच्या रेघेपर्यंत."

"खारं काऊन नाही?"

"उडतं ते नुसतं पाणी. मीठ खालीच राहतं."

"शाब्बास. बाई, हे गेलं तं परत माह्याच्यानं कोकनात जानं होत नाही. आन् हिनं तं अजून पाह्यलंच नाही." मग काकूंच्या पाठीकडं बघत हळूच म्हणाले, "तिले त्रास देऊ नका." आणि गेले.

मी शब्दाची पक्की. सकाळी गोडं पाणी, ट्यूब, गोणपाट, आणि मग शाळा. आमचे हे अकोल्याला भेटून आले की सांगायचे, काकाजी शुद्धीवर आले तेच "उघडलं का?" विचारत. पहिले काही दिवस उघडत होतं. मग अर्धं उघडायला लागलं. मग एका दुपारी शाळेतून आले तर मिटून, आकसून, चघळून टाकलेल्या सुपारीसारखं झालेलं. पंखेवाले किडे आत गेलेले. काकाजी दोन दिवसांत घरी यायचे होते. मी नळी सोडली तर ती पंचवीस ओलांडून तिसाच्याही वर जाऊन उभी. अहो, मी रोज गोडं पाणी घालतेय, आणि समुद्र खारट होतोय! मला काही सुधरेना. खाली बसले तर फरशीवर तळहाताला काहीतरी टोचलं. खड्याचं मीठ.

मी वळून बघितलं. काकू दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत.

"मेलं का वो ते?" त्यांनी विचारलं.

"काकू, मीठ तुम्ही टाकलं?"

त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग एकेक बाहेर आलं. मी शाळेत गेले की त्या रोज येऊन बघत होत्या. नवरा तिकडं खाटेवर, दुसरं काही विचारत नाही, तर त्याचं जे आहे ते आपण बघावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. दुपारच्या तापात पाणी रेघेखाली गेलेलं दिसलं. त्यांचं माहेर पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहिरीचं पाणीच खारट, डाळ शिजता शिजत नाही. भाऊ चौकशीला येणार होता, त्याला त्यांनी माहेरच्या विहिरीचं पाणी डबा भरून आणायला लावलं होतं.

"म्हनलं, समुद्राचंबी खारं, आमचंबी खारं. पन चाखून पाह्यलं तं आमचं कमी लागलं."

"मग?"

"मंग मीठ टाकलं."

"किती?"

"चवीपुरतं," काकू म्हणाल्या. "रोज."

मला हसावं का रडावं कळेना. उभ्या जन्मात कधी भाजी खारट न केलेली बाई, आणि तिनं समुद्राला फोडणीतल्यासारखं मीठ लावलं होतं. त्या मात्र रडत होत्या. "मीच मारलं त्याले. आता ते आल्यावर काय तोंड दाखवू? एवढ्या वर्सांत पहिल्यांदा त्याईच्या कामाले हात लावला, आन् असा लावला!"

रडून भागणार नव्हतं. काकाजींनी खाटेखाली अंधारात एक बरणी अजून राखून ठेवली होती, मेण न फोडलेली. मी मेण फोडलं. भांड्यातलं पेलाभर पाणी काढायचं, थोडं बरणीतलं, थोडं गोडं, वाटीनं, काचेच्या कडेनं सोडायचं. एकदम केलं असतं तर तो जीव झटक्यानं गेला असता, एवढं काकाजींच्या तोंडून ऐकून मला माहीत होतं. काकू वाटी घेऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी शाळा बुडवली. माझ्या नोकरीतली ती पहिली न कळवता घेतलेली सुट्टी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळी सव्वीसवर आली होती, पण फूल तसंच. आणि तेवढ्यात बाहेर टांगा थांबला.

काकाजी पोटाला हात धरून सरळ आमच्याच खोलीत आले. बघितलं. नळी बघितली, फुटलेलं मेण बघितलं. "कोनं?" एवढंच म्हणाले. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "काकाजी, माझ्याच हातून—"

"बाई खोटं बोलून राह्यली," काकू म्हणाल्या. "मी टाकलं मीठ."

काकाजींनी त्यांच्याकडं बघितलं. मग उंबऱ्याकडं बघितलं. मग परत त्यांच्याकडं.

"तू आत आलती?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"आन् चाखलं?"

"चाखल्याबिगर मीठ कसं टाकू?"

काकाजी हसायला लागले. पोट घट्ट धरून, "अरे टाके, टाके!" म्हणत हसत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी घाबरून त्यांना खाटेवर बसवलं. "जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "मेलं तरी चालते आता."

यावर काकू ज्या भडकल्या! "काऊन मरन? माह्या हातचं आजपावतर काही वाया गेलं नाही. तुम्ही पडा गुपचूप!"

दुसऱ्या दिवशी नुकतं उजाडलेलं, आणि माझा खांदा कुणीतरी गदागदा हलवला. "बाई! अवो बाई, उठा!" काकू. मी धडपडत उठले. फूल उघडलं होतं. सगळं नाही, एका बाजूनं. पाकळ्या आखूड होत्या, पण हलत होत्या. अजूनही ते आठवलं की माझा जीव भांड्यात पडतो. म्हटलं, काकाजींना हाक मारते. काकूंनी माझा हात धरला.

"थांबा. त्याईले झोपू द्या थोडंसं. पहिले मी पाहते." आणि गालाला हात लावून बसल्या. कितीतरी वेळानं स्वतःशीच म्हणाल्या, "हे पाहत होते व्हय तिकडं."

त्यानंतर त्या घरात दुपारचा चहा आमच्या खोलीत व्हायला लागला. दोघं खिडकीशी बसायचे, आणि पंप कुणी मारायचा यावरून भांडायचे. पण डॉक्टरांनी काकाजींना पंप बंद केला होता, आमचीही बदलीची चिन्हं होती, आणि उन्हाळ्याची त्यांना आता धास्तीच बसली होती. थंडी संपायच्या आत त्यांनी ठरवलं, ज्याचं त्याला परत द्यायचं. कोकणात जाणं होत नाही म्हणणारा हाच माणूस. मला वाटलं होतं काकू खूश होतील. त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग म्हणाल्या, "नेता तं मी घेऊन येते मांडीवर. तुम्ही सांडसान."

बरणी मांडीवर घेऊन त्या एसटीत बसलेल्या मला अजून दिसतात. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाय यात?" तर म्हणाल्या, "काहीबी असो. चाखू नका."

पुढचं मला काकाजींनी परत आल्यावर सांगितलं. उभं राहून, हातवारे करून. त्यांनी खडक कपारीत ठेवला, पाणी आलं, गेलं. काकू घोट्याएवढ्या पाण्यात लुगडं वर धरून उभ्या राहिल्या.

"मी बाजूले मान वळवली, बाई," काकाजी म्हणाले. "तं ही उभी."

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. वाकली. दोन बोटं बुडोली, चाखली. आन् म्हनली, मीठ बराबर हाय."